घोळ गाभोळीची

मोहने, कल्याण
पितृपक्ष, बुधवार

प्रिय गोदे,

शनिवारी तुझा फोन मी मधेच ठेवला आणि नंतर तू केलेले पाचही फोन घेतले नाहीत. प्रीतम दर वेळी मोबाइल घेऊन यायचा, गोदामावशी आहे म्हणायचा, आणि मी हात ओले आहेत, डोळ्यांत औषध घातलंय, असलं काहीबाही सांगून लेकाला परत पाठवायची. काल त्याने सरळच विचारलं की तुमचं दोघींचं भांडण झालंय का. त्र्याऐंशी आणि शहाऐंशी वर्षांच्या बायका भांडतात तरी कशावरून, याची त्याला गंमत वाटत असणार. भांडण नाही गं. शनिवारी तू एक वाक्य बोललीस, त्यावर मी फोन ठेवला. ते वाक्य कोणतं हे मी शेवटी लिहीन. आत्ताच लिहिलं तर पुढचं लिहायचा धीर उरणार नाही.

मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. चष्मा लाव, ओट्यावर उजेडात बस आणि तुझं तू वाच. समिधाकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचायला मी शिकवलं ते त्याच ओट्यावर, मासळीची टोपली उपडी करून तिच्यावर पाटी ठेवून. तू तेव्हा वीस वर्षांची मोठी बाई आणि मी सतरा वर्षांची मास्तरीण. तुला 'ळ' काढता यायचा नाही. कोळ्याची पोर आणि तिला 'ळ' येत नाही, म्हणून मी तुला किती छळलंय! तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की ते शिकवणं एक दिवस अशा पत्रासाठी कामी येईल.

आता सांगायचं ते सांगून टाकते. तुझे बाबा गोव्यात बाई ठेवून राहिले, हे खोटं आहे. ते खोटं आहे हे मला सत्तेचाळीस वर्षं माहीत आहे. पत्र वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, मला सांगता येत नाही. तू बोलणं टाकलंस तर माझ्याकडे लहानपणातलं माणूस असं कुणी उरणार नाही. भीती वाटते ती एवढीच.

चेंदणीचे आपले दिवस हल्ली मला फार आठवतात. इथे मोहन्यात लग्न होऊन आले त्याला साठ वर्षं झाली. यांच्या कारखान्याचा भोंगा, त्या रसायनाचा वास, मग कारखाना बंद पडला तेव्हाची शांतता, सगळं बघून झालं. उल्हास नदीही घरापासून लांब नाही. पण मला स्वप्नात पाणी दिसतं ते ठाण्याच्या खाडीचंच. ओहोटीला चिखलात गुडघाभर रुतून आपण शिंपल्या वेचायचो आणि तू माझ्या टोपलीतल्या चोरायचीस. मी रडले की म्हणायचीस, रडू नको गाभोळे, घे तुझ्या तुला. तू मला कधी हौसा म्हटलंच नाहीस. माझी आई मला लाडाने 'माझी गाभोळी' म्हणे, ते तू उचललंस आणि आजतागायत सोडलं नाहीस. मी शाळेत शिकवत असताना तू एकदा सगळ्या शिक्षकांसमोर मला त्या नावाने हाक मारलीस. नंतर बदलापूरच्या एका बाईंनी विचारलं, गाभोळी म्हणजे काय हो? म्हटलं, भरल्या मासळीच्या पोटातली अंडी. त्यांनी नाकाला पदर लावला. तुला नंतर सांगितलं तेव्हा तू हसून हसून ओट्यावर आडवी झाली होतीस.

पण तुला आठवतं का, ते नाव ऐकलं की माझे बाबा उठून जायचे? आईने हाक मारली की त्यांच्या हातातली जाळं विणायची सुई थांबायची आणि ते बंदरावर निघून जायचे. घरात गाभोळी तळली तर त्या दिवशी ते जेवत नसत. नारळी पौर्णिमेच्या आसपास माझा वाढदिवस येई, त्या दिवशी तर सकाळपासून गायब. मला वाटायचं मुलगा हवा होता, मुलगी झाली म्हणून हे असं. एकदा तुला मी तसं रडत सांगितलंही होतं. तू म्हणालीस, तुझा निदान घरात तरी आहे. 

तुमच्या घरी बाबांनी मासळीचा वाटा पोचवला नाही असा दिवस मला आठवत नाही. होडी लागली की वाटे पडायचे, होडीचा एक, जाळ्याचा एक, माणसांचे एकेक, आणि शेवटी तुझ्या बाबांचा, गुणाजीचा. गुणाजी होडीत नसला तरी त्याचा वाटा पडायचा. लोक काय बोलायचे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मित्र तिकडे बाई ठेवून बसला आणि हा इकडे त्याच्या बायकोची वास्तपुस्त करतोय, असं बाजारात बायका तुझ्या आईच्या तोंडावर बोलायच्या. माझ्या आईच्याही कानावर यायचं. ती एकदाच भांडली. बाबा म्हणाले, भांड, पण वाटा बंद होणार नाही. 

तुझी आई, माझी काकी, माझ्याकडून पत्र लिहून घ्यायची तेही तुला आठवत असेल. मी आळीची पत्रलेखनिक. चौदा वर्षांची असल्यापासून सगळ्यांच्या सुना-जावयांची भांडणं मला तोंडपाठ. काकी दरवर्षी पावसाआधी यायची, हिरव्या बांगड्या मागे सारून बसायची आणि सांगायची, लिही, गोदी मोठी झाली. लिही, गोदीचं लग्न ठरलं. लिही, मी काही विचारणार नाही, नुसतं येऊन जा. पत्ता एवढाच, गुणाजी, मुक्काम मुरगाव, गोवा. पत्र पेटीत टाकायला ती बाबांकडे द्यायची. आणि गोदे, बाबांनी त्यातलं एकही पेटीत टाकलं नाही. नारळी पौर्णिमेला ते नारळाला सोन्याचा कागद बांधायचे ना, त्याखाली काकीचं पत्र घडी करून ठेवायचे आणि नारळाबरोबर पाण्यात सोडायचे. मी डोळ्यांनी बघितलं. मला इतका राग आला की दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. एका बाईचं काळीज हा माणूस पाण्यात टाकतो, असं वाटलं. तुला मात्र सांगितलं नाही. त्या दिवसापासूनच माझी तुझ्यापासून चोरी सुरू झाली म्हण.

बाबा गेले अठ्ठ्याहत्तर साली, पावसाळ्याच्या आधी. महिनाभर अंथरुणाला होते. मी रजा घेऊन चेंदणीला आले होते. एका दुपारी आई बाजारात गेलेली, तू नुकतीच त्यांना पेज देऊन गेली होतीस. तू दारातून बाहेर पडलीस आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "हौसे, गुणा तिकरं रायला नाय गो. मीनी ठेवला त्याला तिकरं." मला वाटलं, तापात बोलतायत. पण त्यांना ताप नव्हता. ते दोन दुपारी बोलत होते. आयुष्यात एवढं बोलले नव्हते.

तू तीन वर्षांची असताना ते दोघे गोव्याला गेले, मासळीचा धंदा तिकडे बरा आहे म्हणून, एवढं आपल्याला माहीत होतं. धंदा होता, पण तो गुणाकाकांचा. बाबांचा दुसराच होता. लढाईचे दिवस. इंग्रज आणि जर्मन एकमेकांच्या जिवावर उठलेले. जर्मनांची काही व्यापारी जहाजं लढाई सुरू होताच मुरगाव बंदरात आसऱ्याला जाऊन बसली होती. गोवं पोर्तुगिजांचं, आणि पोर्तुगीज त्या लढाईत कुणाच्याच बाजूचे नव्हते. त्यामुळे तिथे इंग्रजाला जर्मनावर हात टाकता येत नव्हता आणि जर्मनाला बाहेर पडता येत नव्हतं, कारण बाहेर समुद्रात इंग्रज टपलेला. लग्नघरात दोन वैरी जावा एका पंगतीला बसतात तसं. तोंडाने वाढा वाढा म्हणायचं आणि पाटाखालून चिमटे काढायचे. बाबा म्हणाले, त्या बंदरात चहावाल्यापासून धोब्यापर्यंत प्रत्येक जण कुणाचा तरी कान होता. काही जण तर दोघांचेही.

मुंबईतल्या एका गोऱ्या साहेबाने बाबांना निवडलं. मासळी विकणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतो, असं तो म्हणाला म्हणे. काम काय, तर होडी घेऊन जहाजांना मासळी, लिंबं, नारळ पुरवायचे आणि सगळ्यात मोठ्या जर्मन जहाजावर नजर ठेवायची. ते कोळसा-पाणी भरतं का, निघायच्या तयारीत आहे का, ते कळवायचं. होडीवर दुसरा माणूस हवा म्हणून बाबांनी आपल्या जिवाभावाच्या मित्राला नेलं. त्याला खऱ्या कामाची कल्पना दिली नाही. माहीत नसेल तर अडकणार नाही, असा त्यांचा हिशेब.

तुझे बाबा तिकडे कसे राहत होते, ते तुला आजवर कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ऐकलं तेवढं लिहिते. त्या जर्मन जहाजाच्या आचाऱ्याशी त्यांची दोस्ती झाली. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नसे. आचारी सकाळी होडी दिसली की वरून ओरडायचा, गुटन मॉर्गन! ते त्यांचं सकाळचं रामराम. तुझ्या बाबांना वाटायचं, तो मुरगावचं कौतुक करतोय. ते खालून हात जोडून ओरडायचे, हां सायबा, गुटन मुरगाव, आणि आमचा ठाणा पण गुटन! हे सांगताना बाबा हसले, गोदे.  त्या आचाऱ्याला तुझ्याएवढी मुलगी होती. तुला निळ्या काठाचा पांढरा मग आला होता ना, तो त्याने तुझ्यासाठी दिलेला, तुझ्या बाबांनी जपून ठेवलेला आणि माझ्या बाबांनी येताना आणलेला. तू बारा वर्षांची असताना कुणीतरी म्हणालं की तो तुझ्या बापाच्या बाईने पाठवलाय, आणि तू तो खाडीत भिरकावलास. मी दुसऱ्या दिवशी ओहोटीला शोधला होता. सापडला नाही.

आता घोळ कसा झाला ते ऐक. घोळच म्हणायचा, दुसरा शब्द नाही.

बाबांनी बातमी कळवायची ती घरच्या पत्रांतून. चार बुकं शिकले होते, लिहिता येत होतं. पत्र माझ्या आजीच्या नावाने यायचं, बायकोला पत्र लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. वाटेत मुंबईला साहेबाचा कारकून ते उघडायचा, बातमी उतरून घ्यायचा आणि पुन्हा चिकटवून ठाण्याला पाठवायचा. खुणा ठरलेल्या. लहान होड्या म्हणजे बोंबील. ते मोठं जहाज म्हणजे घोळ. घोळ रिकामी म्हणजे जहाज जागेवर आहे. घोळ गाभोळीची म्हणजे कोळसा-पाणी पोटात घेऊन निघायच्या बेतात आहे. साहेबाने विचारलं, तुमच्यातली सगळ्यात भारी मासळी कोणती? बाबांच्या तोंडून पटकन आलं, घोळ. कारण घरात ते आईला घोळ म्हणायचे. लग्नात ती म्हणे तशीच दिसत होती, भरलेली आणि चकचकीत.

आता विचार कर, आमच्या घरी त्या पत्रांचं काय झालं असेल! आजीला वाचता येईना, म्हणून आळीतले मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, घोळ अजून रिकामीच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा, घोळ अजून रिकामीच. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. आईला वाटलं, नवरा परमुलखातून सासूकडे चहाडी करतोय. अख्ख्या आळीने ऐकलं. ती दिवाळीत आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या बाबांना तोडून बोलली. त्यांना खुलासा करता येईना, ते नुसते हसले. आणि माघात, दिवस राहिलेत याची खात्री झाल्यावर तिने गोव्याला निघालेल्या मारुती खलाशाला ठसक्यात सांगितलं, सांग त्यांना, घोळ रिकामी नाय आता. पोटातल्याचं नाव उघड घ्यायचं नाही, दृष्ट लागते, हे आपल्या आळीत लहान पोरालाही ठाऊक. ती दुसरं काय सांगणार होती?

निरोप पोचला त्याच दिवशी बाबांनी पत्र लिहिलं. आनंदात माणसाला काही म्हणजे काही आठवत नाही. ते पत्र माझ्याकडे आहे, त्यातलं जसंच्या तसं लिहिते. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. घोळ गाभोळीची आहे ही खबर मिळाली. मन हरखून गेले. आता तिला खोल पाण्यात जाऊ देऊ नका. काय वाटेल ते करा पण थांबवा. मी होळीला येतो." माझी आई सातव्या महिन्यापर्यंत चिखलात शिंपल्यांना जाईल, ऐकायची नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून लिहिलं, थांबवा.

मुंबईच्या त्या कारकुनाने जन्मात कधी मासळीला हात लावला नव्हता. आपल्यातला असता तर पत्र वाचून गालात हसला असता आणि पेढे मागायला ठाण्याला आला असता. त्याने ते साहेबापुढे नेऊन ठेवलं.

फाल्गुन शुद्ध चतुर्दशी होती. दुसऱ्या दिवशी होळी. आचाऱ्याला सणाची ताजी मासळी द्यायची म्हणून तुझे बाबा पहाटे एकटेच होडी घेऊन गेले आणि जहाजाच्या मागच्या बाजूला, सुकाणूपाशी, होडी बांधून त्याच्या उठण्याची वाट बघत बसले. साहेबाच्या माणसांनी त्याच सुकाणूला सुरुंग लावला होता. जहाज निघू नये म्हणून. जहाज कुठेच निघालेलं नव्हतं, गोदे. त्याच्या पोटात चार टोपल्या कोळसाही नव्हता. बाबा धावत किनाऱ्यावर आले तेव्हा पाण्यावर फळ्या तरंगत होत्या आणि वर कठड्याशी तो आचारी गुणा, गुणा म्हणून हाका मारत होता.

 पोर्तुगिजांनी लिहून टाकलं, बॉयलर फुटला. इंग्रज म्हणाले, आम्ही तिथे नव्हतोच. जर्मनांनी तक्रार करायची तर जहाजात लपवलेलं बिनतारी यंत्र दाखवावं लागलं असतं, म्हणून तेही गप्प. एवढ्या मोठ्या तीन राज्यांना त्या पहाटे तिथे कुणी मेलं नाही, हेच सोयीचं होतं. साहेबाने बाबांकडून, कुठे बोलणार नाही अशा कागदावर सही घेतली आणि सांगितलं, घरी सांग, तो इकडेच कामाला राहिला.

पाऊस तोंडावर आल्यावर बाबा परत आले. काकी तुला कडेवर घेऊन दारात उभी. ते एवढंच म्हणाले, गुणा तिकरंच रायला. मला म्हणाले, त्यांना आतून वाटत होतं की कुणीतरी ओळखेल. न परतलेल्या माणसाला आपण दर्यात राहिला असंच म्हणतो ना. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी एवढं तरी विचारेल की राहिला म्हणजे कसा राहिला? कुणी विचारलं नाही. आठवड्याच्या आत बाजारात त्या 'राहिला'ला बाई चिकटली, आणि बाबांनी ती काढून टाकली नाही.

तोवर त्यांना वाटत होतं, सुरुंग लावला तो दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीच्या बातमीवरून. परत आले त्याच संध्याकाळी आईने तांदळाच्या डब्यातून जपून ठेवलेलं पत्र काढलं. त्यांचं एकच पत्र तिने सांभाळलं होतं, त्यात तिच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं म्हणून. घोळ, गाभोळीची, खोल पाण्यात, थांबवा. चारही ठिकाणी खाली लाल पेन्सिलीची रेघ होती. आईला वाटलं, आनंदाने बाबांनीच मारल्या असतील. बाबा खाली बसले. त्यांना बसवत नव्हतं म्हणून पुन्हा उठले आणि बंदरावर गेले. मी तेव्हा आईच्या पोटात होते. घोळीच्या पोटातली गाभोळी ती मीच, गोदे.

स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, त्या कागदाला कुणी विचारीना. तरी बाबांच्या तोंडून निघालं नाही. सांगायचं तर, माझ्या लेकराच्या आनंदात तुझा नवरा गेला, असं काकीला सांगावं लागलं असतं. गोवं मोकळं झालं तेव्हा जत्रेला जातो म्हणून ते एकटेच मुरगावला जाऊन आले होते. तिथल्या पाण्यात नारळ सोडला. काकीची पत्रं ते नारळाबरोबर का सोडत, ते मला हे ऐकल्यावर कुठे उमगलं. पत्ता बरोबर होता.

बाबांची गोष्ट इथे संपते. इथून पुढचं पाप माझं. बाबा गेल्यावर काकी तीन वर्षं होती. तीन वर्षं, गोदे. मी दर सणाला चेंदणीला येत होते. तिच्या कपाळावर ते मोठं कुंकू, हातभर बांगड्या, आणि दर वेळी तिचं तेच विचारणं, हौसे, पत्र लिहायचं का यंदा? मी सांगायचं ठरवून यायची आणि पत्र लिहून परत जायची. हो, शेवटची तीन पत्रं मी सगळं माहीत असून लिहिली. माझ्या हाताने तिचं कुंकू पुसायचं धैर्य झालं नाही. ती सवाष्ण म्हणून गेली, हिरव्या लुगड्यात गेली, बायका म्हणाल्या भाग्याची गं. तू मात्र तिच्या पायाशी बसून म्हणालीस, त्या माणसाच्या नावाचं कुंकू पुसा आणि मग हिला उचला. मी तुझा हात धरून तुला आत नेलं. तेव्हाही बोलले नाही. नंतर काकीचं कारण उरलं नाही, पण तोवर तुझं झालं. तू तोंड फिरवशील या भीतीने चव्वेचाळीस वर्षं काढली. प्रत्येक पितृपक्षात तू आईचं पान वाढतेस आणि बापाचं वाढत नाहीस, ते दर वर्षी बघत आले. तुझ्या घरात बसून खीर खाल्ली.

बाबांचं ते पत्र सोबत ठेवलं आहे. लाल रेघा फिकट झाल्यात, पण उजेडात धरलंस की दिसतील. प्रीतमच्या हाती दिलं असतं तर आजच पोचलं असतं, पण पोस्टाने पाठवते. मला घाबरायला दोन-चार दिवस हवेत.

आणि आता शनिवारचं. तू फोनवर आधी गणपतीचं बोललीस, पाठवणीला गर्दी होती म्हणालीस. मग आवाज एकदम खाली आणून, कुणी ऐकू नये तशी, म्हणालीस, "गाभोळे, आमची समिधा... मासळी गाभोळीची हाय गो." नातीला दिवस गेलेत हे तुला उघड म्हणायचं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. तुझ्या बाबांच्या मरणाला कारण झालेला तोच शब्द, तशाच आनंदाने, तुझ्याच तोंडून माझ्या कानात पडला आणि मी फोन ठेवून दिला. मला आनंद झाला नाही असं समजू नकोस. समिधेला माझे आशीर्वाद सांग. पण त्या घरात नवं माणूस येतंय, त्याच्या मागे बायकामुलांना टाकून पळालेला खापरपणजोबा नको. त्याचा खापरपणजोबा होळीच्या आदल्या पहाटे मित्राला मासळी द्यायला गेला होता आणि आपल्या लेकीसाठी त्याने एक मग जपून ठेवला होता, असं त्याला सांग. घातात गेलेल्याचं पान पितृपक्षातल्या चतुर्दशीला वाढतात, आणि तुझ्या बाबांची तिथीही चतुर्दशीच. दहा दिवसांवर आहे. दोन पानं वाढ, गोदे. घोळ मिळाली तर घोळ कर. मी येऊ की नको, ते तू सांगशील तसं. खाली माझं शाळेतलं नाव लिहिते आहे. दुसरं नाव तुझ्या तोंडचं. ते माझं मला लिहिता येत नाही. पुन्हा कधी त्या नावाने हाक मारावीशी वाटली तर फोन कर, या वेळी मी उचलीन.

तुझीच,
हौसा